चाळीस उड्डाणं आणि साठ वाती

माणसाला वेड लागतं तेव्हा ते वेड आहे हे त्याला सोडून सगळ्यांना कळतं. माझं वेड माझ्या ऑफिसला कळलं होतं. आमच्या मजल्यावर मला ‘हवाईसुंदरी’ म्हणायचे. मी चिडायची आणि पुन्हा फोन उघडून स्वस्त तिकिटं शोधत बसायची.

एका वर्षात एकाच कंपनीची चाळीस उड्डाणं केली की ती कंपनी एक सोनेरी कार्ड देते. ते कार्ड असलं की विमानतळावर वेगळी रांग, बसायला गुबगुबीत खुर्च्या, फुकट चहा. मला त्यातलं काही नको होतं. मला त्या माहितीपत्रकातलं शेवटून दुसरं वाक्य हवं होतं. विमान रद्द झालं तर पुढच्या विमानात कार्डवाल्यांना आधी जागा मिळेल, असं ते वाक्य होतं.

हे वाक्य मला कुठून पाठ झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, पहाटे, बाबांचा बनारसहून फोन आला की आई गेली. मी पुण्याहून मिळेल त्या विमानानं दिल्लीला पोचले. पुढचं बनारसचं विमान धुक्यामुळे रद्द झालेलं. दुपारच्या विमानात मोजक्याच जागा होत्या आणि वाट पाहणाऱ्यांत मी चौथी होते. माझ्यामागून आलेल्या एका गृहस्थांनी काउंटरवर सोनेरी कार्ड ठेवलं आणि ते आत गेले. बनारसला त्यांच्या कोणाचं तरी लग्न होतं, हातात मिठाईचे डबे होते. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझी आई गेली आहे हो. तिचे डोळे भरून आले, पण जागा नव्हती ती नव्हतीच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. आईला आदल्या दिवशीच नेलं होतं. काशीत थांबवून ठेवत नाहीत कोणाला, आणि ते बरोबरच आहे, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी दारात पाऊल टाकताना मी तिची चप्पल कुठे आहे ते शोधत होते.

मी एकुलती एक. आता घरात बाबा एकटे. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, गुडघे दुखतात, पुण्याला यायचं नाव काढलं की पंचांग काढतात आणि त्यात हमखास काहीतरी आडवं येतं. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून काशीला आलं ते बाबांना तोंडपाठ आहे, मला नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत तीन मजली घर, वर गच्ची, गच्चीवरून गंगा. पुढचा फोन कधी येईल हे मला ठाऊक नव्हतं. पण तो आला की या वेळी मी काउंटरवर रडणार नाही, कार्ड ठेवणार, एवढं ठरवलं होतं.

त्यासाठी मी कुठे कुठे गेले ते सांगायला लाज वाटते. हैदराबादला जाऊन विमानतळावरच बिर्याणी खाऊन परत आले. इंदूरला शौचालय आणि सामानाचा पट्टा यापलीकडे काही पाहिलं नाही. दोनदा विमानं रद्द झाली आणि ती मोजली गेली नाहीत. एकदा सहा तास उशिरानं निघालेल्या विमानात बसून मी शेजारच्या आजींना सांगितलं, सहज फिरायला चाललेय. त्या माझ्याकडे पाहून सरकून बसल्या. सुट्ट्या संपल्या, पैसेही बरेच संपले. दिवाळीला घरी गेले नाही. बाबांना म्हटलं, काम आहे. ते म्हणाले, “काम तर करायलाच हवं, बेटा.”

कार्तिकात माझी बत्तीस उड्डाणं झाली होती आणि कार्डाचं वर्ष संपायला दोन शनिवार-रविवार उरले होते. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते बनारस, आणि त्याच दिवशी उलटं. एका शनिवारी चार. दोन शनिवारांत काम फत्ते. बनारसच का निवडलं? वेळा जुळत होत्या. पाऊणला उतरायचं, अडीचला तेच विमान परत. दुसरंही एक कारण होतं, ते मी स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. नशीब असेल तर उतरताना खिडकीतून गंगेचं वळण दिसतं.

पहिल्या शनिवारी ते दिसलं. मी कपाळ काचेला टेकवलं आणि आपलं घर कुठे असेल याचा अंदाज करत राहिले. उतरल्यावर विमानतळावर खुर्ची गाठली. तिथून घर म्हणजे तासभर गाडी, मग मैदागिनचा चौक, तिथे गाडी सोडायची, मग पायी गल्ल्या. जाऊन यायला वेळच नव्हता. बाहेर टॅक्सीवाले ओरडत होते, “गोदौलिया! मैदागिन!” मला इतकं एकाकी वाटलं की मी बाबांना फोन लावला. ऑफिसात आहे म्हटलं. शनिवारी? ते म्हणाले. हो, काम आहे. एवढ्यात वर लाउडस्पीकर खणखणला, “वाराणसी से दिल्ली जाने वाले यात्री कृपया ध्यान दें.” मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. बाबा म्हणाले, “बरं. जेवलीस का?” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. म्हातारपणी कमी ऐकू येतं, बरंच झालं, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी दिल्लीत धुरकं होतं. अकराचं विमान निघालं दीडला. बनारसला उतरले तेव्हा तीन वाजले होते. माझी अडतीस झाली होती, आणखी दोन, बस्स. वीस मिनिटांनी घोषणा झाली की वैमानिकाची कामाची वेळ संपली, परतीचं उड्डाण रद्द. मी काउंटरवर भांडले. चांगलीच भांडले. कार्डाचं वर्ष उद्या संपतंय हे मी त्या माणसाला तीनदा सांगितलं, जसं काही त्याच्या घरचं कार्य होतं. तो म्हणाला, “मैम, कल सुबह की फ्लाइट के लिए आपको फोन आएगा. रात में होटल चाहिए?”

होटल. बनारसमध्ये. मी बाहेर आले आणि मैदागिनची टॅक्सी केली.

भैरवनाथावरून गल्लीत शिरले तेव्हा ऊन भिंतींच्या वरच्या टोकांना गेलं होतं. काहीही बदललं नव्हतं याचाच राग आला. तीच गाय, तोच वळणावरचा दहीवाला, त्यानं नजर वर करून विचारलं, “अरे, आ गई बिटिया?” आणि मी रडायच्या बेतात आले. घराचं दार लोटलेलं होतं. बाबा गच्चीवर असणार हे मला माहीत होतं, कारण दिवेलागणीला थोडाच वेळ होता आणि कार्तिक होता.

पुण्यात आकाशकंदील म्हणजे दिवाळीची शोभा. आमच्याकडचा आकाशदिवा वेगळा. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वेळूच्या टोपलीत दिवा ठेवायचा आणि उंच बांबूवर दोरीनं चढवायचा, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. खाली पंचगंगा घाटावर असे कितीतरी बांबू उभे असतात. आमचा गच्चीवर. त्याच्या वाती आई वळायची, थंडीतच, पुढच्या कार्तिकासाठी. जायच्या आधीच्या महिन्यात कापूस चांगला मिळाला म्हणून तिनं दुप्पट वळल्या होत्या. साठ. तीस-तीसच्या दोन पुड्या, जुन्या बिस्किटांच्या डब्यात. गेल्या कार्तिकात एक पुडी संपली, तिच्याचसाठी. या वर्षी दुसरी.

बाबा खाली बसून टोपलीत दिवा बसवत होते. मला पाहून ते दचकले नाहीत. म्हणाले, “अगं, आधी सांगायचं तर होतंस. सब्जी फक्त तुरईची आहे.”

मी त्यांच्या पाया पडले आणि शेजारी बसले. हाताला काहीतरी हवं म्हणून डबा उघडला. पौर्णिमा बुधवारी. आज शनिवार, म्हणजे आजची धरून पाच वाती हव्या होत्या. डब्यात सहा होत्या. मी पुन्हा मोजल्या. आईच्या मोजण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. ती घरातल्या जिन्यांच्या पायऱ्यासुद्धा मोजत चढायची.

“बाबा, एक जास्त कशी?”

“राहिली एका दिवसाची.”

“कुठल्या?”

ते तेल ओतत राहिले. “मागच्या शनिवारी. तुझ्या फोनमध्ये ऐकलं ना मी, एअरपोर्ट. समजलो की अचानक येऊन चकित करायचंय तुला. मग मी पण काही बोललो नाही. मैदागिनला जाऊन बसलो, औषधाच्या दुकानासमोर. म्हटलं, सामान असेल तुझ्याजवळ.”

“किती वेळ बसलात?”

“अंधार पडेपर्यंत. वापस आलो तर सगळ्यांचे दिवे वर गेले होते. आपल्यात वेळ टळल्यावर लावत नाहीत. तर तिचा तो एक दिवस राहिला.” मग माझा चेहरा पाहून म्हणाले, “त्यात काय परेशान व्हायचं?”

मी सगळं सांगून टाकलं. कार्ड, चाळीस उड्डाणं, हैदराबादची बिर्याणी, मिठाईचे डबे घेऊन गेलेला तो माणूस. मी जोरजोरात बोलत होते, जसं काही बाबांनीच माझी जागा त्याला दिली होती. तेव्हा कार्ड असतं तर दुपारच्या विमानात बसले असते, मी म्हटलं, आईला पाहिलं असतं.

“दुपारचं विमान कितीला उतरलं असतं?”

“चारला.”

बाबांनी दिव्याच्या काठावरचं तेल बोटानं पुसलं. “दोन वाजता नेलं तिला. चारला मी मणिकर्णिकेवर बसलो होतो, निम्मं होऊन गेलं होतं.”

दोन वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. वेळ विचारायची हिंमत झाली नव्हती. त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर मी अडतीस विमानं उडवली होती.

“आणि तुला एक सांगू?” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “त्या दिवशी ती कोणाची वाट पाहत नव्हती. पहाटे झोपेतच गेली. वाट पाहिली ती त्याच्या आधीच्या दिवाळीत. रोज या गच्चीवर उभी राहायची. मी म्हणायचो, अगं, विमान काय इथून दिसणार आहे?”

त्या दिवाळीलाही मला काम होतं.

खाली घाटावर पहिले दिवे चढायला लागले होते. बाबांनी डबा माझ्यापुढे धरला. “आज दोन लाव. राहिलेली पण लाव.” आईनं वळलेल्या दोन वाती मी तेलात भिजवल्या. तिच्या वातींना टोकाशी एक चिमटीचा पीळ असायचा. तो अजून तसाच होता. दोन्ही पेटल्यावर बाबा म्हणाले, तू ओढ, माझे खांदे भरून येतात. मी दोरी धरली. लहानपणी ही दोरी ओढायला मिळावी म्हणून मी रडायची आणि आई म्हणायची, मोठी हो, मग. आता मोठी होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदाच ओढत होते.

टोपली अर्ध्यावर गेली आणि खिशातला फोन वाजला. एका हातानं दोरी घट्ट धरून मी तो कानाला लावला. विमान कंपनीची मुलगी होती, आवाज गोड. उद्या सकाळी नऊचं विमान, पुढे दिल्ली ते पुणे, दोन्हीत जागा ठेवली आहे. “और बधाई हो मैम, इन दो फ्लाइट्स के बाद आप हमारी गोल्ड मेंबर बन जाएँगी.”

बाबा वर पाहत होते. “हळू,” ते म्हणाले, “तेल सांडेल.”

मी म्हटलं, उद्याचं रद्द करा, मी पौर्णिमेनंतर जाईन. तिनं विचारलं, नक्की? वर्ष उद्याच संपतंय, मैम. मी म्हटलं, नक्की. कळफलकाचा आवाज आला. मग तिनं विचारलं, “कैंसिल करने का कारण क्या लिखूँ?”

“घर पहुँच गई हूँ, लिखिए.”

ती थोडा वेळ शोधत राहिली. असं कारण तिच्या यादीत नव्हतं.