आरशातलं कापड

१९८६ साल. मी बेचाळीस वर्षांचा. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण भिवंडीत माझ्यासारखा लूमचा मिस्त्री नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्या दिवशी मुलीच्या शाळेत जाऊन तिचा दाखला काढून आणला. शाळा दहावीपर्यंत होती, पण सातवी झाली, बास. घरी कांड्या भरील, नळ्यांवर सूत गुंडाळील, घराला हातभार होईल.

दाखला खिशात ठेवूनच कारखान्यात गेलो. शेटने लूमवर नवीन डॉबी बसवली होती. तिच्या लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या ठोकायच्या, तशी कापडात नक्षी उतरते. कुठे खुंटी नि कुठे रिकामं, ते चौकोनांच्या कागदावर. खाली दोन ओळी लिहिलेल्या. शेट म्हणाले, वाचून घे. मी म्हटलं, चौकोन मोजता येतात मला.

दुपारी कापड उतरलं. शेटने नमुना शेजारी ठेवला. नमुन्यातल्या रेघा उजवीकडे झुकलेल्या, माझ्या डावीकडे.

"मिस्त्री, कापड झकास हाय," शेट म्हणाले. "फक्त आरशातलं झालंय."

तीनदा खुंट्या तपासल्या. एकही चुकली नव्हती. सगळं बरोबर आणि कापड उलटं, हे होतं कसं? डोक्यातून जाईना. कागद घरी आणला.

मुलगी चरख्यावर बसली होती. तिने चौकोनांकडे बघितलंच नाही, आधी खालच्या ओळी बघितल्या. पहिलं भोक उजवीकडून धरायचं, असं लिहिलंय म्हणाली. तेव्हा उमगलं. नक्षी काढणारा उर्दू शिकलेला, त्याचा हात उजवीकडून चालायचा. माझा डावीकडून. आणि त्या भल्या माणसाने माझ्यासाठी म्हणून मुद्दाम मराठीत लिहून ठेवलं होतं.

"हे आठवीत शिकवतात काय?" मी विचारलं.

"न्हाय बाबा. एवढं वाचायला दुसरीत येतं."

बायको पदराआड हसली. मी ऐकलं नाही असं केलं.

"मग आठवीत काय असतं?"

"मला काय ठाऊक? दाखला तुझ्या खिशात हाय."

नक्षी काढणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, ते त्या आठवीच्या पुस्तकात असेल का, याचाच विचार करत पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी शाळेत गेलो, दाखला हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हा परत घ्या, आणि आठवीचं एक पुस्तक जरा बघू द्या.