अर्ध्या तासाची सही

जी गोष्ट पस्तीस वर्षे पत्नीपासूनही लपवली, ती आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर माघार घेण्याची सोय उरणार नाही. मनोहर या माझ्या मित्राच्या वाट्याचा संगणक मी दोन वर्षे वापरला आणि तो त्यानेच वापरल्याची खोटी सही करत राहिलो.

दहावीनंतर तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघे एकाच जीपने अकोल्याला निघालो. मनोहरच्या घरी भाजीपाल्याचा मळा. त्याचे वडील, म्हणजे काका, भेंडीच्या पोत्यांशेजारी टपावर आमच्या पेट्या बांधत होते. माझ्या आईने एवढेच म्हटले, “एकमेकाले सोडू नोका.” मी मान डोलावली, जीप कधी सुटते याचीच मला घाई होती.

कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही बायफोकल घेतले. विज्ञान शाखेत राहून, जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सोडून संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकायचे. चपला दाराबाहेर काढून संगणकाच्या थंड खोलीत शिरताना अकोल्याचे ऊन क्षणभर खोटे वाटे. दोघांत एक यंत्र, आठवड्याला एक तास. अर्धा त्याचा, अर्धा माझा. दाराशी रजिस्टर असे, त्यात ज्याने त्याने आपल्या वेळेपुढे सही करायची.

बुद्धी मनोहरचीच तल्लख होती. यंत्र कोणते उत्तर देईल, हे तो वहीत पेन्सिलीने ओळीओळीने आकडे मांडून आधीच सांगे. मी सुट्टीत टायपिंगच्या क्लासला गेलो होतो. म्हणून पहिल्या दिवशी ठरले, त्याने सांगायचे, मी टाइप करायचे. वेळ वाचला, हे खरे. पुढच्या महिन्यात त्याने कीबोर्डकडे हात नेला, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, “राहू दे बे, तुहे बोटं भेंडी तोडाचे. बटनं तुटतीन.” सारे हसले. मनोहरही हसला. त्यानंतर त्या खोलीत त्याचे हात मांडीवरून उठल्याचे मला आठवत नाही. रजिस्टरमधल्या दोन्ही सह्या मीच करू लागलो. सरांनी एकदा विचारले, वेळ वाटून घेता ना? मी हो म्हणालो. मनोहरने माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला ज्याचे त्याने एकट्याने बसायचे होते. त्याने कागदावर लिहिलेला प्रोग्राम अचूक होता. पण पडद्यावर उतरवताना तो एकेक अक्षर शोधत राहिला. वेळ संपली तेव्हा निम्मेही उतरले नव्हते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद पाहिला, पडदा पाहिला आणि पुढच्या मुलाकडे वळले. मनोहर नापास झाला. मी वर्गात पहिला आलो.

त्या पावसाळ्यात मी अभियांत्रिकीसाठी अमरावतीला निघालो. स्टँडवर काकांनी मला बाजूला घेतले. “तू संग होता. खरं सांग, हा अभ्यास करे का नाही?” मी म्हणालो, “करे, काका. पण त्याले जमलं नाही.” तेवढ्यात गाडी लागली आणि मी चढलो. मी गाव सोडले ते त्या दिवशी, असे मला वाटते. पहिल्या वेळी मी फक्त शिकायला गेलो होतो.

अमरावतीनंतर पुणे. डेडलाइन, रिव्ह्यू, बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. माझ्या टीममध्ये दोघे मिळून एका संगणकावर काम करतात, तेव्हा दर अर्ध्या तासाने कीबोर्ड दुसऱ्याकडे गेलाच पाहिजे, असा माझा नियम आहे. त्याचे कौतुक होते. ते ऐकताना मी खाली पाहतो.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले बरेच जण गावाच्या आठवणीने हळवे होतात. मला ते साधले नाही. माझ्या लेखी गाव म्हणजे एका म्हाताऱ्याला दिलेले खोटे उत्तर. तिथे जाण्याची भीती वाटते आणि घर म्हणावे असे दुसरे ठिकाण नाही.

यंदा हिवाळ्यात मनोहरच्या मळ्यात गेलो. वांगी चांगली आली होती. काकांना आता कमी ऐकू येते. माझ्यासोबत आलेल्या माझ्या जावयाला ते कौतुकाने सांगू लागले, “हे दोघं संगच गेलते अकोल्याले. तुमचा सासरा सायेब झाला. आमचा पोट्टा दोन वर्ष हवा खाऊन आला.” मनोहर हसला. या थट्टेवर तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर असाच हसत आला असणार. त्याने चहाचा कप माझ्यापुढे केला.

कप मी खाली ठेवला. “काका, याले सारं जमे,” मी म्हणालो.

“काय म्हनतं?” त्यांनी कानाला हात लावला.

मग मला मोठ्यानेच बोलावे लागले. शेजारच्या वाफ्यात तोडणी करणाऱ्या बायाही थांबल्या. “सारे प्रोग्राम याचे होते, काका. मीच याले मशीनले हात लावू देला नाही, याची सही मीच मारली, अन् तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो.” मग मनोहरकडे वळलो, आवाज खाली आणला नाही. “मनोहर, माहं चुकलं. मले माफ कर.”