बेलीफकाकांची गोधडी

कुत्र्यांनी चावावं म्हणूनच देवाने एखादा माणूस घडवला असेल, तर तो म्हणजे आमच्या शेजारचे बेलीफकाका. कोर्टाची समन्स घरोघरी पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि बहुतेक घरी माणसाच्या आधी त्यांना कुत्रंच भेटलं. गप्पा रंगल्या की ते पायजमा गुडघ्यापर्यंत सारून पोटरी दाखवत. "हे जानेफळ. हे हिवरा आश्रम. अन् हे आपल्या बुलढाण्याचं, कोर्टाच्या गेटातलंच." कुत्र्यांवर त्यांचा राग मात्र नव्हता. तेही आपली ड्यूटीच करतात, असं त्यांचं मत होतं.

निवृत्तीने नोकरी सुटली, पण कोर्टाची भाषा सुटली नाही. भाजी कशी झाली असं काकूंनी विचारलं, की ते "तक्रार नाही" म्हणत. मला चहाला बोलवायचं असलं, की दारात उभं राहून माझं पूर्ण नाव घेत आणि किती वाजता हजर राहायचं ते सांगत. मी घरी नसलो, तर तशी चिठ्ठी दाराला डकवून जात.

एका पोळ्याच्या सुमारास उघड्या फाटकातून एक म्हातारं, हाडकुळं कुत्रं आत आलं आणि त्यांच्या पायरीवर बसलं. काका दोन दिवस चावण्याची वाट पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यालाच विचारलं, "काऊन बे, चावत काऊन नाही?" कुत्र्याने शेपूट हलवलं. त्याच संध्याकाळी त्याला भाकरी मिळाली आणि 'वादी' हे नावही. "सोताहून दाखल झाला ना तो," काका म्हणाले. काकूंनी मात्र त्याला नाव लावलं नाही. त्या त्याला 'ते' म्हणत.

थंडी पडली तसा वादी खोकू लागला, रात्रंदिवस कापू लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, ऊब मिळाली नाही तर हा हिवाळा निघायचा नाही. काका जुने कपडे घेऊन गल्लीतल्या गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "मी माणसाईच्या गोधड्या शिवते, काका. कुत्र्याची शिवली तं मले काम कोन देईन?"

"हरकत रास्त आहे," म्हणून काका उठले आणि येताना मोठी सुई आणि दोऱ्याची रिळं घेऊन आले. आयुष्यात त्यांनी शर्टाचं बटणही लावलं नव्हतं. मला पंच म्हणून उभं करून त्यांनी वादीचं माप घेतलं, एकदा बसलेला असताना आणि एकदा पसरलेला असताना. मग आठ दिवस ओसरीवर कपड्यांचे थर अंथरून, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून ते शिवत बसले. त्यांचा धावदोरा राजूर घाटासारखा वळणं घेत गेला. वरचा थर म्हणून त्यांनी आपला नोकरीतला खाकी गणवेश लावला. कापड मजबूत होतं आणि त्यांच्या मते मानाचंही.

गोधडी पाहताच वादी उठला. आजवर कुणावरही न गुरगुरलेला तो प्राणी केस फुलवून खाकीवर गुरगुरला आणि कडुनिंबाखाली थंडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा कुणी समन्स नाकारलं की करत तसं, काकांनी मला आणि समोरच्या कंपाउंडरला बोलावून आमच्यासमक्ष गोधडी त्याच्यापुढे पसरली. "पक्षकार घ्यायले तयार नाही. दोघांनी पाह्यलं ना?" आम्ही पाहिलं. त्या दिवशी वादी जेवलाही नाही. काका भिंतीला टेकून नुसते बसून राहिले.

काकू आत गेल्या आणि त्यांची वांगी रंगाची सुती साडी घेऊन आल्या. "हे लावा वरून."

"चांगली हाये ना अजून."

"थंडी बी चांगलीच हाये."

काकांनी खाकी सगळी उसवली. मग दोघं सकाळच्या उन्हात समोरासमोर बसले. एका टोकाकडून त्या शिवत होत्या, दुसऱ्या टोकाकडून ते. दोघांचे टाके कुठे भेटले, ते रस्त्यावरूनही ओळखू येत होतं. दुपारी वादीने साडी हुंगली, तीन फेऱ्या मारल्या, अंग टाकलं आणि माणसासारखा सुस्कारा सोडला. काकू म्हणाल्या, "झोपला वादी."

तो हिवाळा निघाला, पुढचाही निघाला. यंदा चैत्रात वादी झोपेतच गेला. कडुनिंबाखाली त्याला पुरलं. त्यानंतर काकांनी मला चहाला बोलावलं नाही, म्हणून एके दिवशी मीच गेलो. ते ओसरीवर बसले होते. धुतलेली गोधडी मांडीवर होती, एका कडेला उसवलेली. त्यांनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला. "मास्तर, एवढा ओवून द्या. दिसत नाही आजकाल."

मी ओवून दिला. मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, "काका, आता कशाला शिवता?"

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

"उसवली हाये ना," ते म्हणाले आणि पहिला टाका घातला.