रिकाम्या चाळीतली गिटार

दशक्रियेला माइक हातात आला की आमच्याकडे माणसाला शुद्ध राहत नाही. महिन्यापूर्वी पिंपरी पेंढारला माझे थोरले मेहुणे नामदेवदादा यांना श्रद्धांजली वाहताना मी ठोकून दिलं, ‘‘भजनी मंडळाचा आधारस्तंभ हरपला!’’ दहा दशक्रियांत हेच वाक्य ऐकलेलं, तोंडातून आपोआप आलं. समोर भजनी मंडळच बसलेलं. दादा जन्मात कधी भजनाला गेले नव्हते. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले आणि बायकांत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकापर्यंत ओढला.

दादा वाजवायचे ती गिटार. चाकणच्या कारखान्यात असताना खोलीतल्या जोडीदाराकडून शिकले आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला गावी परतले, तेव्हा ती बरोबर घेऊन आले. गायचे नाहीत, बोलायचे त्याहून कमी. माझे सासरे, आबा, मेंढरं राखायचे. ते गेले तेव्हा घर रडत होतं आणि दादा ट्रॅक्टरखाली शिरून नट आवळत होते. हिने ते बारा वर्षं मनात धरलं. ‘‘बाप गेला तरी डोळ्याला टिपूस न्हाई,’’ हे वाक्य दर दिवाळीला माहेराहून परतताना गाडीत ठरलेलं.

गेल्या फाल्गुनात मी एकटाच तिकडे गेलो होतो. नवा कांदा अजून यायचा होता, म्हणून कांदा साठवायची चाळ रिकामी. दादा आत बसून वाजवत होते. फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आलेलं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती... जाड तारेवर कुणी दमून चालल्यासारखा सूर, वर बारीक किणकिण, आणि मधेच सगळं थांबायचं. बराच वेळ. मग पुन्हा तीच संथ चाल. मी मोबाइलवर ते टिपून घेतलं.

‘‘कुठलं गाणं हे, दादा?’’

‘‘गाणं न्हाई, दाजी. आबा मेंढरं घिऊन घरी येत्यात, त्ये हाय.’’

येत्यात! मी आपला म्हणालो, ‘‘छान आहे. एखाद्या लग्नात वाजवा की!’’

दादा नुसते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. घरी आल्यावर हिला सांगू म्हटलं, पण आज राहिलं, उद्या राहिलं... आणि एका सकाळी दादा झोपेतच गेल्याचा फोन आला.

दशक्रियेहून घरी पोचल्यावर मी मोबाइल हिच्या पुढ्यात ठेवला आणि ते वादन लावलं. काय आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही. ऐकता ऐकता तीच म्हणाली, ‘‘आबांची मेंढरं.’’ मग सूर थांबला. मला वाटलं, मोबाइल अडकला. बोट पुढे केलं, तर तिने माझं मनगट धरलं.

‘‘राहू द्या. हितं आबा थांबायचे. दादा मागं असायचा, लंगडी मेंढी खांद्यावर घिऊन. त्यो येताना दिसला, की मगच आबा पुढं निघायचे.’’