चाकणच्या बाजाराइतकं लांब

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. चिखलीतले पुतणे फोनवर विचारायचे, आजीच्या वेळी तुम्ही का आला नाहीत? मी तब्येतीचं काहीतरी बोलून विषय बदलायचो. आता नव्वदीला टेकलोय. गावाकडच्यांनी आणि माझ्यासारखे इकडे लंडनला आले त्यांनीही हे वाचावं.

आई-आबा मला बैलगाडीनं चिंचवड स्टेशनवर सोडायला आले होते. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. त्यातल्या एकानं मला दोन वर्षं शिकायला लंडनला धाडलं. काम निकडीचं, म्हणून जाताना विमान. परतीला बोट, तीन आठवड्यांची. बोटीचं मी घरी बोललोच नाही.

कारण आई सोडत नव्हती. तिला मैल सांगून उपयोग नव्हता. म्हणून म्हणालो, मुंबईहून लंडन म्हणजे चाकणच्या बाजाराला पहाटे गाडी जुंपून निघावं आणि दुसऱ्या सकाळी घरी यावं, तेवढाच वेळ. विमान मध्ये कैरोला उतरतं हे ऐकून आबा हसले. "म्हंजी बैलांना पानी पाजाया थांबत्यात." आई हसली नाही. आगगाडी हलताना म्हणाली, "बाजाराइतकंच हाय म्हंतोस, तर जा. पर माझ्या वक्ताला ये."

आमच्यात बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा, आईला धाकट्यानं. धाकटा मी.

पुढच्या उन्हाळ्यात दादाची तार आली. आई गेली, निघ. तिकिटाएवढे पैसे माझ्याकडे नव्हते आणि विमानही रोज नव्हतं. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. 'वाट पाहू नका' एवढी उलट तार करायची होती. पण ती केली की बाजाराची गोष्ट खोटी ठरणार. मी तार खिशात घालून कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी उत्तर धाडलं, तोवर उशीर झाला होता.

तिकडे आबांनी आईला हलवू दिलं नव्हतं. भाऊकी समजावून दमली. ते एकच म्हणत राहिले, "त्यो येतोय. एका दिसाची तर वाट हाय." लिंबाच्या पाल्यावर आईला ठेवून ते चिंचवडच्या वाटेकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दादानंच अग्नी दिला. हे सगळं मला वहिनीनं सांगितलं, तेही फार उशिरा.

शिक्षणाची दोन वर्षं संपवून परतलो तेव्हा आबा पुन्हा गाडी घेऊन स्टेशनवर होते. बैल हाकता हाकता त्यांनी विचारलं, "तवा विमान बिघडलं व्हतं व्हय रं?"

मी हो म्हणालो. त्यांचा चेहरा सैल झाला. "म्या सांगतच व्हतो समद्यास्नी," म्हणाले.

वर्षभरात मी पुन्हा लंडनला आलो, तो इथलाच झालो. आबा गेले तेव्हाही मी इथंच होतो. आता नात नऊ-दहा तासांत मुंबईला उतरते आणि फ्लाइट फार लांबली म्हणून कुरकुरते. चिखलीच्या त्या गाडीवाटेला दोन्ही बाजूंनी इमारती आहेत म्हणे. घर म्हटलं की मला मात्र ते अंगण दिसतं, तो पाला, आणि वाटेकडे बघणारे आबा.

आबा, विमान बिघडलं नव्हतं. मी निघालोच नव्हतो. हे बोलायला चिंचवडपासून चिखलीपर्यंतची अख्खी वाट होती, आणि मी तुमच्या शेजारीच बसलो होतो.