चष्मा धुणारं माणूस

मंचरच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान चालवणारे तात्या तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात कधी लगेच देत नसत. आधी विचारायचे, "घरात भांडी कोन घासतं?" माणूस गोंधळायचा. बायको म्हटलं की बायकोला, आई म्हटलं की आईला घेऊन यायला सांगायचे. एक शिक्षक "मीच घासतो" म्हणाले, तेव्हा तात्यांनी त्यांना चहा पाजला. घालणाऱ्याला पाच मिनिटं शिकवायचे आणि धुणारीला पंधरा. हा नियम त्यांना सुचला तो आमच्या घरामुळे. त्यात आमची अब्रू जराशी गेली, पण मला आज त्याचा अभिमानच वाटतो.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. माणूस काम कुठे करतो ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "चष्मा डोळ्याला नसतो, कामाला असतो," म्हणायचे. शिंप्याच्या मशीनपाशी जाऊन बसायचे, कॉम्प्युटरवालीचं टेबल खिडकीपासून फिरवून द्यायचे. मी अवसरी बुद्रुकची पोरं मंचरच्या शाळेत ने-आण करणारा व्हॅनवाला. थंडीत शाळेनंतरचा क्लास सुटेपर्यंत अंधारतं आणि नेमके त्याच दिवसांत रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. समोरच्या एका लाईटचे मला दोन दिसायला लागले होते. हे मी कोणापाशी बोलत नव्हतो. ज्याच्या भरवशावर चौदा घरं पोरं पाठवतात, त्याने दिसत नाही म्हणायचं तरी कसं?

तात्यांना मात्र सांगितलं. त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं आणि मोतीबिंदू नाही याची खात्री करून घेतली. मग एका संध्याकाळी माझ्या शेजारी बसून अवसरीपर्यंत आले. वाटभर रस्त्याकडे न बघता माझ्या चष्म्याकडेच बघत होते. उतरताना म्हणाले, "नंबर बरूबर हाय तुझा. काच चकाकती. अँटीग्लेअर घे. ट्रॅक्टरवाल्याचा लाईट काय मी बंद करू शकत न्हाई, पन त्यो तुझ्या काचेवर नाचायचा थांबंल."

आणि थांबला. जुन्याच फ्रेमला नव्या काचा बसवल्या आणि दोन लाईटचा एक झाला. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "काका, आता तुमचे डोळे दिसत्यात." इतके दिवस तिला माझ्या डोळ्यांच्या जागी नुसती चकाकी दिसत असणार. ते ऐकून मला उगीचच भरून आलं.

चष्मा देताना तात्यांनी मला धडा दिला होता. "धूळ म्हंजी बारीक दगूड. कोरड्या शर्टाला पुसलास की तू काच पुसत न्हाईस, पाट्यावर वाटतूस. आदी गार पानी सोडायचं, साबनाचा एक थेंब, बोटानं हळूच. कापड सगळ्यात शेवटी." उन्हात डॅशबोर्डवर चष्मा टाकायचा नाही, वरचा थर पापडावाणी तडकतो, हेही सांगितलं. मी नंदीबैलासारखी मान हलवली. काच तिरकी धरली की हिरवट चमक दिसते आणि तोच तो अँटीग्लेअरचा थर, हे मला कळलं होतं. आईला सांगायचं मात्र राहिलं.

आई अजून भांड्यांना चुलीची राख लावते. महिन्याभराने एका सकाळी तिने चष्मा माझ्या हातात ठेवला. "कवाधरनं बघतीया, हिरवं श्यावाळ चढलं व्हतं. काथ्यानं घासलं तवा कुठं निघालं." एवढ्या मायेने घासलेली काच बघून मी चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला. जुन्याच फ्रेमला नव्या काचा बसवलेल्या, दुसरा चष्मा नव्हता, म्हणून मी तोच चष्मा घालून दोन दिवस गाडी चालवली. दुसऱ्या संध्याकाळी ट्रॅक्टरचा लाईट काचभर पसरला आणि रस्त्याच्या कडेने म्हैस घेऊन चाललेला म्हातारा मला अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक दाबला. पोरं पुढे आदळली, डबे सांडले. कोणाला लागलं नाही.

सकाळी पोरांना सोडून मी थेट दुकान गाठलं. तात्यांनी काच उजेडाला धरली. "घासनारा हात लई कष्टाळू हाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पुन्यावरनं काच यायला चार दिस. तवर तू पोरं न्यायची न्हाईत."

"तात्या, चौदा घरं जातील हातची."

"मी चालवतो. दुकान टाकायच्या आदी जीपच चालवत व्हतो, लायसन हाय खिशात. पन तू शेजारी बसायचं आन् दर दारात खरं सांगायचं. लपवनार असशील तर मी येनार न्हाई."

चार दिवस तात्या शाळेच्या वेळेला दुकानाचं शटर ओढून माझी गाडी चालवत होते. पहिल्याच संध्याकाळी मी चौदा दारांत उभा राहून सांगितलं, की मला नीट दिसत नव्हतं आणि तरी मी गाडी चालवली. तेरा घरांनी ऐकून घेतलं. चौदाव्याने मुलीचं दप्तर आत नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला स्वतः सोडायला लागला. मी तोंड पाडून बसलो, तर तात्या म्हणाले, "त्याचं बरूबर हाय. बाप हाय त्यो." पुढच्या जूनमध्ये तोच बाप मुलीला घेऊन गाडीपाशी आला.

नवी काच आली तशी तात्या ती घेऊन आमच्या घरी आले. आई कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. "आक्का, चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी ह्याला शिकवलं, धुनाऱ्या हाताला न्हाई शिकवलं." मग नळाखाली तिच्याकडून तीनदा चष्मा धुवून घेतला. तेव्हापासून तो आईच धुते.

गेल्या थंडीत तात्या गेले. निरोप आला तेव्हा संध्याकाळी पोरं नुकतीच गाडीत बसत होती. सहाला त्यांना स्मशानात नेणार होते. मी एकेका दारात थांबत, रोजच्याच वेगाने अवसरीला गेलो आणि शेवटची पोरगी घरात शिरल्यावरच गाडी मंचरकडे वळवली. स्मशानात पोचलो तेव्हा चिता पेटली होती, तोंड दिसलं नाही. त्या माणसाचे उपकार मला कधी ओझं वाटले नाहीत, पण तेवढं एक दर्शन हवं होतं. खूप रडलो. लोक म्हणाले, जरा लवकर यायचं होतंस. तात्या असते तर त्यांनी एकच विचारलं असतं, पोरं पोचली का.

पोचली, तात्या. सगळी पोचली.