वाढत्या अंगाची रिव्हॉल्व्हर

मी मूर्ख आहे हे मला आधीपासून माहीत होतं. किती मूर्ख, ते एका रिव्हॉल्व्हरनं दाखवलं.

२००३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून अर्ध्या तासावरच्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होतो. आमच्या टीममधले एक अमेरिकन गृहस्थ साठी ओलांडलेले. मी मनात त्यांना काका म्हणायचो. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला जीभ वळेना, म्हणून तोंडावर सगळा कारभार ‘एक्स्क्यूज मी’वर चालायचा. मला जेवायला घरी बोलावणारं त्या गावातलं हे एकच घर. बाकीचे सगळे ‘कधीतरी लंच करू या’वाले. तो कधीतरी काही उजाडला नाही.

काकांच्या सोयाबीनमध्ये ग्राउंडहॉगनी उच्छाद मांडला होता. आपल्या घुशीचा थोरला भाऊ समजा, मांजराएवढा. शेतभर बिळं करतो आणि ट्रॅक्टरचं चाक नेमकं त्यातच जातं. दर शनिवारी काका शेताच्या कडेनं त्यांच्या मागावर निघायचे. बरोबर बीगल जातीचं एक पिल्लू, सहा महिन्यांची कुत्री, लांब कानांची, भारी आगाऊ. मलाही नेऊ लागले. शिकारीचं लायसन्स काढायला लावलं, नेम धरायला शिकवलं. ती कुत्री सरळ माझ्या बुटावर बसायची. तो शनिवार नसता तर मी तिथे वेडा झालो असतो, खोटं नाही सांगत.

मग मी म्हटलं, स्वतःची रिव्हॉल्व्हर घेतो, कोणती घेऊ? काका बुटाची नाडी बांधत होते, कुत्री माझ्या बुटावर बसलेली. वर न बघता म्हणाले, “ट्वेंटी-टू’ज प्लेंटी फॉर यू टू.”

बावीस म्हणजे सगळ्यात बारकी गोळी. नळीचं भोक पाव इंचाचंसुद्धा नाही, आवाज फटाकडीएवढा. मी ऐकलं ते असं: तुलासुद्धा बावीस पुरे. सुद्धा! त्यांच्या दहा वर्षांच्या नातीकडे बावीसचीच बंदूक होती. म्हणजे मी तिच्या रांगेत. स्वतःच्या कपाटात हरणं लोळवणारी धुडं, आणि मला खेळणं! डोकंच फिरलं. ते दिवसही तसलेच होते, अकरा सप्टेंबरनंतरचे, दाढी दोन दिवस राहिली तर लोक दोनदा बघायचे. मला वाटलं, यांनाही माझ्या हातात मोठं हत्यार नको आहे.

आठवडाभर मी एक्सेल शीट भरत बसलो. बावीस, बावीस मॅग्नम, बत्तीस, अडतीस, तीनशे सत्तावन्न मॅग्नम. वेग, धक्का, अंतर. नागपूरच्या आणि पुण्याच्या मित्रांनी फोनवर सल्ले दिले. त्यातल्या एकानंही आयुष्यात छर्‍याची बंदूक हातात धरलेली नव्हती. “घ्यायचीच तर मोठी घे ना यार, पुढे हरणाला पण चालेल.” मला ते पटलं! पटणारच. शाळेचा शर्ट बाह्या दुमडून घालण्यात माझं लहानपण गेलं. आमच्याकडे काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. शिवाय तीनशे सत्तावन्नमध्ये अडतीसची गोळीही चालते, म्हणजे एकात दोन. बायको म्हणाली, “घुशीला एवढी तोफ? त्यापेक्षा मी झाडू घेऊन येते.” मी तिच्यावरच खेकसलो.

दुकानदारानं व्हिसा, लायसन्स, पुन्हा व्हिसा असं तीनदा बघितलं. त्यामुळे तर मी आणखीच ताठलो.

शनिवारी मी ती काकांना दाखवली नाही. म्हटलं, आधी करून दाखवू. काका गोठ्याकडे वळले होते, कुत्रीला माझ्याकडे सोडून. बांधावर एक ग्राउंडहॉग उभा राहिला. पिशवीत अडतीसच्या गोळ्यांचा डबा होता, जरा नरम आवाजाच्या. मी मॅग्नमच भरल्या होत्या. कानांवर आवाज अडवणारे मफ्स चढवले आणि चाप ओढला.

मफ्समधूनही माझं डोकं बधिर झालं. त्या जनावराचं पुढचं अर्धं शरीर उरलं नाही. काकांकडे पडेल त्या शिकारीचा रस्सा व्हायचा, याचं काहीच झालं नसतं. पण ते मी नंतर बघितलं. आधी बुटाकडे बघितलं. तिथे कुत्री नव्हती. तिच्या कानांवर मफ्स नव्हते हो!

ती काकांच्या ट्रकखाली सापडली, मुतलेली, थरथरत. काका पोटावर झोपून तासभर तिला हाका मारत होते. मग उठले, माझ्या हातातलं धूड बघितलं आणि म्हणाले, “मी सांगितलं होतं ना. यू टू.” एक बोट माझ्याकडे, एक ट्रकखाली.

तुम्हा दोघांना. सुद्धा नव्हे, दोघं!

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कुत्रीच्या जेवणाच्या वेळी काकू पातेल्यावर डाव बडवायच्या, ते मी त्यांचं वेड समजत होतो. ती तालीम होती. आधी पातेलं, मग लांबून बावीस, मग जवळून बावीस, असा कानांना हळूहळू सराव. सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मला फक्त माझा अपमान दिसत होता.

मी सॉरी म्हटलं. किती वेळा, ते विचारू नका. काका म्हणाले, “इट्स ओके.” त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी त्यांना काहीतरी काम निघालं. ऑफिसात हसून बोलायचे. ते हसणं मला शिवीपेक्षा लागायचं.

दोन वर्षांनी ते रिटायर झाले, शेत विकून मुलीकडे निघाले. मी निरोपाला गेलो. गाडीचं दार लावलं आणि अंगणातली ती कुत्री, आता चांगली मोठी झालेली, पोर्चखाली घुसली. नुसत्या दाराच्या आवाजानं. काका घरात होते. काकूंनी मला लेमोनेड दिलं आणि सहज बोलून गेल्या, “ही तुझ्यासाठीच होती रे. मुलीच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही. तुम्हा दोघांना एकत्र तयार करायचं, असं यांनी ठरवलं होतं.”

मी म्हटलं, मी नेतो. आत्ता नेतो.

“उद्या एका शेजाऱ्याकडे जाते आहे,” त्या म्हणाल्या. मी तरी गुडघ्यांवर बसलो, हाक मारली. अंधारात दोन डोळे दिसत होते. मी हात पुढे केला तशी ती आणखी मागे सरकली.

काका दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “तू असेपर्यंत ती बाहेर येणार नाही.”

मी उठलो. गाडीत बसलो आणि दार न लावता, नुसतं हातानं धरून, रस्त्यापर्यंत गेलो.